रोबोटवरचा नारळ

भोकरदनला कॉलेजात असताना स्पर्धेसाठी आम्ही पाच जणांनी रोबोट बनवला. जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून आपोआप धावणारी, चपलेच्या खोक्याएवढी गाडी. चौघा मुलांनी ती जोडली. मी लॅपटॉपमध्ये तिचं जुळं केलं, डिजिटल ट्विन. तेच वजन, तीच चाकं, मोटारींची ताकदही तेवढीच. खरी गाडी कुठे भरकटेल ते मी आधी स्क्रीनवर पाहायचे, मग मुलं तिला दुरुस्त करायची. महिनाभर हेच चाललं.

स्पर्धा जालन्याला होती. आदल्या दिवशी सर म्हणाले, "जीपमधी जागा न्हाई, पोरी. तुझं काम कंप्युटरातच झालं ना? मंग तिथं येऊन काय करशील?" चौघं खाली मान घालून गाडी खोक्यात भरत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी मी मुकाट्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. "अगं, गाडी वळणावर पट्टी सोडून राह्यली. सरावाच्या दोन्ही फेऱ्या वाया गेल्या. जल्दी सांग काहीतरी."

"काही बदललंत का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

"वजन वाढवलंत?"

"राजूरला दर्शनाला थांबल्तो. सरांनी गणपतीचा नारळ गाडीच्या तोंडाशी बांधला."

"मग सोडा तो."

"देवाचा हाय. काढणार कोण?"

म्हणजे नारळाला जीपमध्ये जागा होती. वाटलं, फोन ठेवून द्यावा, पडू देत तोंडावर. पण गाडी माझी होती. देव्हाऱ्यातला नारळ उचलून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला आणि घरी येऊन तेवढंच ओझं स्क्रीनवरच्या गाडीच्या तोंडाशी चढवलं. चार-पाचदा ती भरकटली. मग वळणावरचा वेग जमला. ते आकडे मी त्याला फोनवर दोनदा वाचून दाखवले.

पहिला नंबर आला.

सोमवारी कॉलेजात सत्कार झाला. स्टेजवर सर आणि ते चौघे. सर माइकवर म्हणाले, "राजूरचा गणपती पावला." मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, याचा मला अजूनही राग येतो. मग तो नारळ फोडला. फोन केलेलाच मुलगा ताट घेऊन रांगेतून आला आणि माझ्या हातावर नखाएवढा तुकडा ठेवत म्हणाला, "घे, प्रसाद."

देवाचा होता. मलाही नाही म्हणता आलं नाही.