फक्त इनकमिंग

बाबांच्या नंबरवरून आत्याला फोन गेला, तेव्हा बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. ही भुताखेताची गोष्ट नाही. तो फोन ज्या लाइनीतून गेला ती मीच माझ्या हातांनी जोडली होती, आणि जोडायला सांगणारा माझा कॉलेजपासूनचा मित्र होता. भूत परवडलं असतं.

माझं काम सांधे जोडायचं. हल्लीच्या कॉल सेंटरमध्ये टेलिफोन नसतो. मुलं-मुली हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसतात आणि त्यांचं बोलणं इंटरनेटवरून जातं. पण समोरचं गिऱ्हाईक कुठे इंटरनेटवर बसलेलं असतं? ते असतं स्वयंपाकघरात नाहीतर रिक्षात, आणि त्याच्या हातात साधा फोन. या दोघांच्या मधे एक डबा लागतो, त्याला गेटवे म्हणतात. एका अंगाला इंटरनेटची वायर, दुसऱ्या अंगाला टेलिफोनच्या लाइनी. कुठल्या लाइनीवरून कॉल बाहेर सोडायचे आणि कुठल्या लाइनीवर नुसते आलेले घ्यायचे, हे मी त्या डब्यात भरून देते. महापे, तुर्भे, बेलापूर, सगळीकडे माझे डबे आहेत. बाबा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची पोर फोन जोडते." त्यांच्या दृष्टीनं मी इंजिनीअर झाले ती एवढ्याचसाठी.

बाबा मूळ तळवलीचे. कंपनीत कायम झाल्यावर सानपाड्याला फ्लॅट घेतला आणि सोफ्याच्या आधी लँडलाइन घेतली. तो नंबर सगळ्या भावकीला पाठ होता. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, तरी बाबांनी लाइन काढली नाही. "मोबाईल मानसाचा असतो, फोन घराचा," म्हणायचे. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, तळवलीतच दिलेली. दुपारचा चहा झाला की बाबा तिला याच फोनवरून लावायचे. काय बोलायचे? आज कोळंबी कशी मिळाली, कुणाच्या घरी हळद आहे, असलंच काहीतरी. आत्याच्या मोबाईलमध्ये तो नंबर मीच सेव्ह करून दिला होता, 'दादा घर' या नावानं.

बाबा गेले आणि लाइन माझ्या नावावर आली. आई त्यांच्या आधीच गेली होती, त्यामुळे घरात मी एकटीच, आणि त्या फोनला हात लावणारं कुणी उरलं नाही. बंद करायचं मात्र माझ्यानं होईना. फोनवरची धूळ पुसायची आणि क्रोशाचा रुमाल परत झाकून ठेवायचा, एवढाच त्याचा उपयोग.

अशात मित्र घरी आला. मित्र म्हणजे आमच्या घरचाच. बाबांच्या ताटाशेजारी त्याचं ताट असायचं, आणि बाबांना खांदा द्यायला पुतणे पोचायच्या आधी तो हजर होता. त्यानं सानपाड्यात स्टेशनजवळ एक गाळा घेऊन कॉल सेंटर काढलं होतं. म्हणाला, "हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटचं काम आहे यार. पेशंट उलट फोन करतात, तो घ्यायला एक लँडलाइन पाहिजे. झीरो डबल टू, मुंबईचा कोड बघितला की लोकांना भरोसा वाटतो. काकांचा नंबर असाही पडून आहे. माझ्याकडे शिफ्ट कर ना. वाजत राहील तरी."

वाजत राहील तरी. या तीन शब्दांना मी भुलले.

"एका अटीवर," मी म्हटलं. "फक्त इनकमिंग. बाबांच्या नंबरवरून एकही कॉल बाहेर जाता कामा नये."

"फक्त इनकमिंग. आईशप्पथ."

अर्ज करून लाइन त्याच्या गाळ्यात शिफ्ट केली. गेटवे मीच लावला, बाहेर जाणाऱ्या लाइनींतून बाबांची लाइन वगळली, आणि नेहमीप्रमाणे डब्याचा पासवर्ड मालकाच्या हातात दिला. डब्यात लाइनीच्या नावाच्या जागी मित्रानं नंबर लिहिला नाही, नुसतं 'काका' लिहिलं. मला भरून आलं होतं. आता आठवलं की संताप येतो, त्याचा आणि त्या भरून येण्याचाही.

आमच्या धंद्यात 'जळलेला नंबर' असा शब्द आहे. एखाद्या नंबरवरून भाराभर कॉल सुटले की लोक वैतागून त्याची तक्रार करतात, मग तो नंबर दिसला की मोबाईलच सांगतो, हा फसवणुकीचा आहे. कुणी उचलत नाही. नंबर जळला. असे जळके नंबर टाकून नवे घ्यायचे, ही रीतच पडली आहे. आणि जुना, कधीच कुणाला त्रास न दिलेला नंबर? त्याला म्हणतात क्लीन. बाबांचा नंबर क्लीन होता. त्यांनी त्यावरून कोळंबीशिवाय कशाची चौकशी केली नव्हती.

एका सकाळी आत्याचा फोन आला. आवाजात लाडिक तक्रार.

"तू बोललीस नाय गो, दादानं माझ्यासाठी पॉलिसी ठेवलेली हाय ती."

"कसली पॉलिसी? कोण म्हणालं?"

"तुमच्या घरातनं फोन आलेला. दादा घर, असं लिवलेलं आलं. मना कायच सुधरेना. मी म्हनलं, दादा? तर एक पोरगी बोलली, हो, दादांच्याच पॉलिसीचं बोलायचंय. त्याचा बोनस अडकून पडलाय म्हनली. कार्डाचा नंबर इचारला, मग मेसेजमधला नंबर इचारला. मी दिला. घरचाच फोन ना गो?"

मी तिला बँकेचे मेसेज वाचून दाखवायला लावले. तिचं खातं रिकामं झालं होतं आणि तिला ते माहीतही नव्हतं. मी सांगितल्यावर म्हणाली, "पैशाचं जाऊंदे. दादानं माझी आठवन ठेवलेली, असं दोन दिस वाटत होतं."

मी लॅपटॉप उघडून मित्राच्या गेटवेत शिरले. बाहेर जाणाऱ्या लाइनींचा क्रम कुणीतरी बदलला होता. सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर, 'काका'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून गाळ्यात गेले. आत ओळीनं पोरं बसलेली, प्रत्येकाच्या तोंडी पॉलिसी आणि बोनस. हॉस्पिटलचं नावही नाही. मित्रानं मला केबिनमध्ये ओढलं.

"टेन्शन नको घेऊस ना. बाकीचे सगळे नंबर जळले, मी काय करणार? तो एकच क्लीन होता."

"ती माझी आत्या आहे. आमच्या घरी तिच्या हातचं जेवलायस तू."

"लिस्टमध्ये कोण कोण आहे ते मी थोडीच बघतो?"

"मी पोलिसांत जातेय."

तेव्हा तो हसला नाही, चिडला नाही. अगदी काळजीनं म्हणाला, "विचार कर. नंबर तुझ्या नावावर आहे, डबा तू लावलास. पहिलं तुलाच बोलावतील."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्याकडून नंबर मागताना, तो माझ्याच नावावर राहू देताना, यानं हाही हिशेब करून ठेवला होता. मी तिथूनच निघाले आणि तक्रार केली. पहिलं मलाच बोलावलं, तेवढं त्याचं खरं ठरलं. अजून बोलावतात. गाळ्याला टाळं आहे. तो सीवूड्सला कुणाकडे तरी राहतो म्हणे. माझा फोन उचलत नाही.

खटपटी करून लाइन परत घरी आणली. फोन जोडला, रुमाल काढला, रिसीव्हर कानाला लावला. टोन तोच होता. दुपारचा चहा झाला होता. वाटलं, पहिला फोन आत्यालाच करावा, या फोनवरून परत एकदा नीट बोलणं व्हावं. मी नंबर फिरवला. रिंग वाजली, वाजत राहिली, आणि मधेच तिकडून कट झाली.

रिसीव्हर तसाच हातात धरून मी मोबाईलवरून लावला. तिनं लगेच उचलला.

"बरं झालं तू लावलास," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच त्या मेल्यांचा फोन आलेला, दादाच्या नंबरवरनं. मी नाय उचलला. कापून टाकला. आता मी नाय फसायची."

"बरं केलंस आत्या," मी म्हणाले.