आधी जबानी, मग नान

डोंगरातल्या कोन्गुर-सू गावचा पोलीस कप्तान जुमाकादिर याच्या घोड्याला वाटेत कुठे थांबायचं ते सांगावं लागत नसे. ज्या घरातून भाजल्या नानचा वास येईल त्या घरापुढे तो पाय रोवून उभा राहायचा, आणि कप्तान खाली उतरत म्हणायचा, "आता मुक्या जनावराचं मन कसं मोडायचं?" सरकारने त्याला जीपही दिली होती, पण ती ऑक्टोबरात जी झोपे ती एप्रिलात उठे. लोक म्हणत, देवाने घोड्याला आणि कप्तानाला मिळून एकच पोट दिलंय. गणवेशाच्या मधल्या बटणावर असा काही ताण यायचा की त्याची बायको उल्झान ते खोगिराच्या दोऱ्याने शिवायची. एकदा साधा दोरा वापरला, तर शाळेच्या समारंभात ते बटण उडालं आणि थेट मुख्याध्यापकांच्या चहाच्या वाडग्यात पडलं. मुख्याध्यापकांनी वाडग्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "कप्तान, मी साखर घेत नाही."

माणूस कामाचा होता. खुराच्या ठशावरून चोरीची घोडी कुठल्या खिंडीतून गेली ते सांगायचा. पण बायकोला मारल्याची तक्रार आली की त्याच्या तपासाची रीत बदले. दारात पाऊल टाकताच घरधनी नान पुढे करी. तुकडा तोंडात टाकल्याशिवाय दारातून कुणी जात नाही, ते तर पोरासोरांनाही ठाऊक. मग वरच्या बाजूच्या मानाच्या गादीवर बसणं, दोन-तीन म्हातारे पंच येणं, "पोरगा रागीट आहे, पण मनाचा वाईट नाही" असं कुणीतरी म्हणणं, आणि शेवटी सुनेची सही: माझी काही तक्रार नाही. कप्तान मिठाला जागून घरी जायचा आणि चांगलं काम केलं या समाधानात राहायचा. वीस वर्षं हे असंच चाललं.

मग एका शरदात तो अशाच तक्रारीवरून बुबुसारा नावाच्या सुनेच्या घरी गेला. तीच गादी, तेच पंच, सहीसुद्धा झाली. बुबुसारा चहा देत होती, तो डाव्या हाताने. कप्तान नान चावत हसून म्हणाला, "काय गं सूनबाई, पाहुण्याला असा डाव्या हाताने चहा देतात का? माहेरी शिकवलं नाही वाटतं?"

ती खाली बघून म्हणाली, "कप्तानदादा, उजवा उचलत नाही."

कप्तानाने कागदावरची सही पाहिली. वेडीवाकडी होती, डाव्या हाताची. तोंडातला घास त्याला आत ढकलवेना आणि बाहेरही काढवेना. त्याने तो कागद फाडला, बुबुसाराला घोड्यावर बसवलं आणि लगाम धरून चालत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाली, हात मोडून पाच दिवस झालेत.

त्या दिवसापासून कप्तान तक्रारीच्या घरी उंबऱ्याबाहेर पायरीवरच उभा राही आणि म्हणे, "आधी जबानी, मग नान." आधी बाईचं ऐकायचं, लिहायचं, तिला वाचून दाखवायचं, आणि मग इतर सगळं. लोक खूप हसले. "कप्तानाचं पोट बिघडलंय," म्हणाले. घोड्याला तर काही कळेचना. तो दारात उभा राहून नुसता हुंगायचा. उल्झान मात्र कप्तान निघताना त्याच्यापुढे भरलेलं ताट ठेवायची. "खाऊन जा," म्हणायची. "उपाशी पोलीस नानपुढे किती टिकणार, ते मला विचार."

खरी परीक्षा दोन वर्षांनी आली. तक्रार मोल्दालीच्या घरातून आली होती. मोल्दाली म्हणजे पंचांचा म्होरक्या. आणि जुमाकादिरचा बाप गेल्यावर त्याला घरात घेऊन वाढवणाराही तोच. त्याचा धाकटा मुलगा एर्किनबेक, त्याची बायको आयचुरोक. तिने स्वतः चौकीत फोन केला होता.

म्हातारा दारातच उभा होता, हातात दस्तरखानाचं कापड, त्यावर नान.

"ये लेका. तोंड लाव."

"काका, आधी आयचुरोकशी बोलतो."

"तुझ्या तोंडात कळत्या वयातला पहिला घास या घरचा गेला, विसरलास?"

"विसरलो नाही, म्हणूनच. आता घेतला तर माझी जीभ तुमच्याच बाजूने वळेल. मला माझी जीभ माहीत आहे, तुम्हीच वाढवलीत ती."

आतून एर्किनबेक ओरडला, "दादा, तुला गुरं शोधायचं काम उरलं नाही का?"

"गुरांच्या अंगावरचे वळ मालक मला बोलावून दाखवतात रे," कप्तान म्हणाला. "इथे मला विचारावं लागतं."

त्याने आयचुरोकला बाहेर पॉप्लरखालच्या बाकावर बसवलं. ती बोलली, त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, एक शब्द तिने बदलायला लावला तो बदलला. मग एर्किनबेकच्या हातात संरक्षणाचा हुकूम ठेवला: बायकोच्या जवळ फिरकायचं नाही. एर्किनबेक भावाच्या कुरणावर निघून गेला. म्हातारा नान हातात धरून अजून तिथेच उभा होता.

"तीन दिवसांचा कागद आहे ना हा?" तो म्हणाला. "तीन दिवसांनी मुलगी म्हणेल, जिन्यावरून पडले. पाहणारं कोण आहे? मग तू येशील इथे, आणि मी नान देणार नाही."

कप्तानालाही हीच भीती होती. घरातलं कुणी बोललं नाही तर कोर्टात जिनाच उभा राहणार, हे त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी गावात एक मेजवानी होती. तिथे त्याच्या पानात मोठ्या पाहुण्याला वाढतात ते दरवेळचं मांडीचं हाड आलं नाही, हलकं, मानेचं आलं. शेजारचा जरा सरकून बसला. तो घरी परतला तर उल्झान दारातच होती.

"काय वाढलं?"

"मान."

"कुत्र्याला घाल. उद्या मी मांडी शिजवते."

"मांडीचं काही नाही गं. ती मुलगी उद्या एकटी पडली तर?"

उल्झानने बटणाचा दोरा ओढून पाहिला आणि आणखी दोन टाके घातले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चौकीचं दार उघडलं. मोल्दालीची बायको काल्बुबू आत आली, डोक्यावर पांढरा रुमाल, काखेत एक गाठोडं. कप्तान उभा राहिला.

"बस काकू. चहा टाकतो."

"आधी जबानी," काल्बुबू म्हणाली. "मग चहा."

तिने सगळं सांगितलं. जिना नव्हता, लगामाचा चामडी पट्टा होता. ती स्वतः तीन पावलांवर उभी होती. एकदा नाही, चारदा. कप्तानाने लिहून वाचून दाखवलं. तिने ठळक सही केली.

"दुसरा एक कागद दे," ती म्हणाली.

"कशाला?"

"माझ्या माराची लिहायची आहे. एकेचाळीस वर्षांपूर्वीची."

"काकू, कायद्याने आता त्याचं काही..."

"कायद्याला कशाला सांगतोस? मी तुला सांगतेय." तिने खुर्ची पुढे ओढली. "तू सात वर्षांचा होतास. चुलीपाशी बसून नान खात होतास. आठवतं?"

कप्तानाला आठवत होतं. त्याने कागद घेतला आणि लिहू लागला. खूप वेळ लागला, दोन पानं झाली. वाचून दाखवताना तो दोनदा थांबला, तेव्हा काल्बुबूनेच पुढचा शब्द सांगितला. शेवटी तिने मान हलवली. "हां, असंच होतं," म्हणाली, आणि गाठोडं सोडलं. आत नान होता, अजून कोमट.

"आता तोंड लाव, लेका."

कप्तानाने दोन्ही हातांनी नान मोडला.

एर्किनबेकला कोर्टाने कामाची शिक्षा दिली, त्याने पूर्ण उन्हाळा गावचा कालवा उपसला. आयचुरोक सासूपाशीच राहिली आणि घराची किल्ली तिच्या कमरेला आली. मोल्दाली अजून कप्तानाकडे पाठ फिरवून बोलतो, पण बोलतो. आणि कोन्गुर-सूत आता कुणाच्या दारात तो घोडा थांबला, कप्तानाने पायरीवर उभं राहून वही काढली, की सून न बोलावता बाहेर येते. आत कुणीतरी नान जाड फडक्यात गुंडाळून ठेवतं. जबानीला वेळ लागतो, आणि तोवर तो गार व्हायला नको.