चक्की किती पाणी खाते?

वरच्या मळ्यातल्या आप्पांनी मला फसवलं. माझी पाणचक्की त्यांनी बंद पाडली आणि त्यासाठी त्यांना खोटं फक्त एकदाच बोलावं लागलं. पुढचं सगळं मी माझ्याच तोंडानं बोलले.

हे आता लिहायचं कारण म्हणजे गावात दुसरंच सांगतात. इंजिनची गिरणी आली म्हणून चक्कीचा धंदा बसला, असं सांगतात. गिरणी आली ती चक्की बंद पडल्यावर दोन वर्षांनी. गिरणीवर खापर फोडून मोकळं होणं सोपं असतं, गिरणीला तोंड नसतं.

चक्की घेण्याआधी मी दौंडला रेल्वेच्या चाळीत सात घरची दळणं हातानं दळत होते. नवरा गेला होता आणि घरात एक जातं होतं, तेवढंच भांडवल. सकाळी जात्याशी बसले की ऊन कलल्यावर उठायची. तळहाताला खुंट्याचे घट्टे पडले होते, ते अजून आहेत. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस दगड आपोआप फिरेल आणि मी नुसती बसून बघेन.

वडगाव रासाईच्या अलीकडं एक ओढा भीमेला मिळतो. त्या ओढ्यावर बांध होता, बांधापासून पाट काढलेला होता आणि पाटाच्या शेवटाला ही चक्की. लाकडी पन्हळीतून पाणी खाली आडव्या चाकावर पडायचं, चाकाच्या बाभळीच्या फळ्या फिरायच्या आणि वरच्या खोलीत दगड गरगरायचा. श्रावणापासून शिमग्यापर्यंत चालायची. पीठ गार पडायचं. असं गार दळलेलं बाजरीचं पीठ लवकर कडू होत नाही म्हणून लांबलांबच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या.

चक्की एका म्हाताऱ्या चाचांची होती. त्यांचे गुडघे गेले होते आणि मागं चालवणारं कुणी नव्हतं. मी चार खेपा घालून भाव पाडला. चौथ्या खेपेला ते हसायला लागले.

"बाई, तू मेंढरांच्या बाजारात दलाली कराय पायजे हुतीस."

"मेंढरं वरडत्यात चाचा. दगड गप ऱ्हातो, म्हणून दगड घेते."

"घे. पन एक ऐक. दर साली पाटाचा गाळ काढत्यात, तवा तू दोन दिस जात जा. मी जातो."

"चक्की कुठं पाणी खाती? आलं तेवढं वड्याला परत जातं. मी कशाला गाळ उपसू?"

"खात न्हाई, खरं हाय. तरी जात जा," चाचा म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा भाव पाडल्याचा राग काढतोय.

पाटाची रीत अशी होती, की ज्याचं रान जेवढं पाणी खाईल त्यानं तेवढे दिवस गाळ उपसायचा. आणि जो गाळ उपसेल, त्यालाच पाण्यावर बोलायचा हक्क. रीतीचा हा दुसरा भाग मला कुणी सांगितला नाही. सांगायची गरज कुणाला वाटली नसेल, कारण तिथं जन्मलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. मी दौंडहून आलेली.

पहिल्याच वर्षी चावडीत आप्पांनी माझ्या वाट्याला दोन दिवस लावले. पाटावर सगळ्यात वरचा मळा त्यांचा, त्यामुळं वाटणी तेच करत. मी उभी राहिले.

"आप्पा, माझी चक्की पाणी खाती का?"

"न्हाई, तसं न्हाई खात."

"मग ज्यांची रानं खात्यात त्यांनी उपसावा."

माणसं हसली. एकजण म्हणाला, "आप्पा, बाईनं गाठलं तुमाला!" आप्पाही हसले. पुढची सात वर्षं हेच चाललं. मी दर साली तेच वाक्य ठासून बोलायची आणि जिंकून घरी यायची. मला त्याचा अभिमान होता. दळणावळ म्हणून पायलीला चिपटंभर पीठ घेणारी बाई चावडीत बागायतदारांना गप्प करते, हे मला फार गोड लागत होतं.

आठव्या वर्षी आप्पांच्या डोक्यात ऊस शिरला. बांधावर इंजिन बसवून पाणी थेट उचलायचं, असं ठरलं. पाटावरच्या बाकीच्या दोघा मळेवाल्यांना त्यांनी इंजिनवरून पाळी कबूल केली. माझ्याकडं मात्र ते दळण घेऊन आले. मागं त्यांचा थोरला मुलगा पोतं घेऊन. आप्पा कधी स्वतः दळणाला येत नसत, हेसुद्धा मला खटकलं नाही.

पीठ चिमटीत घेऊन बघत ते म्हणाले, "उद्या तालुक्यासनं सायेब येतोय. वड्याचं पाणी खाणाऱ्यावर पट्टी बसवणार म्हणं."

"चक्कीवर बी?"

"तुला काय भ्या? तू सांगतीस की दर साली चावडीत. तसंच सांग."

मुलगा खाली बघत होता. मी हसले. मी कधी कुणाला फुकट काही दिलेलं नव्हतं, सरकारला तर मुळीच देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी चावडीत साहेबांनी सगळ्यांना विचारलं आणि मग माझ्याकडं वळले. "तुमची चक्की पाणी किती खाते?"

"थेंबभर न्हाई सायेब! इचारा गावाला."

गावानं मान डोलावली. आठ वर्षं ऐकत होते ते. "आणि गाळ कोण काढतं?" साहेबांनी विचारलं. "मी न्हाई काढत," मी तेही ठणकावून सांगितलं. कागदावर अंगठा न देता सही केली. नाव लिहायला शिकले होते, पण कागद वाचण्याइतकं शिकले नव्हते. आप्पा म्हणाले, "बाईंची सही झ्याक हाय."

इंजिनचं नावसुद्धा त्या बैठकीत माझ्या कानावर आलं नाही. महिन्याभरात ते बांधावर धडधडायला लागलं. पन्हळीतलं पाणी आधी करंगळीएवढं झालं, मग थेंब थेंब, मग शेवाळ वाळलं. दळणाच्या पाट्या दारात रांगेला होत्या आणि दगड मधेच थांबला. अर्धी बाजरी दळलेली, अर्धी तशीच. ज्या बाईची होती तिला मी ती हातजात्यावर दळून दिली.

मी आप्पांच्या मळ्यात जाऊन तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "चक्की पाणी खात न्हाई ना? मग पाणी कशाला पायजे?" शिरूरला कचेरीत कारकुनानं माझीच सही माझ्यापुढं धरली. साहेब आले होते ते पट्टीसाठी नव्हे, आप्पांच्या इंजिनला परवानगी द्यायची तर पाण्यावर हक्क कुणाकुणाचा, ते लिहून घ्यायला. कागदावर लिहिलं होतं ते मी सांगितलेलंच होतं.

मी भिकेला लागले नाही. केडगावला स्टेशनाजवळ जागा घेतली, पिठाची गिरणी टाकली, वाचायलाही शिकले. चक्कीची खोली पडली, पन्हळ कुणीतरी जळणाला नेली. वरचा दगड आप्पांच्या विहिरीवर धुणं धुवायला आहे. आप्पांनी विकत मागितला होता, मी शिवी दिली, मग तो न विचारता गेला.

आप्पा आता नाहीत. मुलगा बाजारात भेटला की "मावशी, बरं हाय ना?" म्हणतो आणि गिरणीमुळं चक्की गेली, असं चारचौघांत तोच सांगतो. त्या दिवशी पोतं घेऊन तो तिथं उभा होता. ती पट्टी पुढं कुणावरच बसली नाही, हेही त्याला माहीत आहे. चाचांचं न ऐकण्याची चूक माझी, ती मी इथं लिहून दिली. आता त्याची पाळी आहे. माझी चक्की पाणी खात नव्हती, तर पाणी वळवल्यावर ती बंद कशानं पडली? त्याच चावडीत, बसून नाही, उभं राहून त्यानं सांगावं.