खापरावरचं अंडं

पुरुषमाणसांची न्याहारी झाल्याशिवाय सुनेनं तोंडात घास घालायचा नाही, ही माझ्या सासरची रीत. एरवी तिचं काही वाटत नसे. पण आमच्या हिर्डोशीकडे आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, बायका तांबडं फुटताच चिखलात उतरत. पुरुष नांगरानं चिखलणी आवरून खायला बसत तोवर निम्मा दिवस गेलेला असे. त्यांचं झालं की उरलेलं आमच्याकडे येई. तोपर्यंत पोटात काही नाही आणि पाय गार पाण्यात.

माझा पहिला मुलगा अशाच एका आवणीत उपाशी राहिला. मी उपाशी, म्हणून तो उपाशी. माझं दूध आटलं. त्याला पेज पाजली, शेळीचं दूध पाजलं, त्याला काही पचलं नाही आणि दसऱ्याच्या आधी तो गेला. सगळे म्हणाले, नशीब. मीही मान हलवली. माझ्या चार इयत्ता झाल्या होत्या, पण मोठ्यांसमोर तोंडातून शब्द फुटत नसे. सासूबाईंनी हाक मारली की आधी पदर सारखा करायचा आणि खाली बघून ‘व्हय’ म्हणायचं, एवढंच मला येई.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली, माहेरी. माझे वडील धरणावरच्या साहेबाच्या बंगल्यात माळी होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जाई आणि मागच्या दारी खानसामा काय करतो ते बघत बसे. तो पाव निखाऱ्यावर भाजायचा, लोण्यात कांदा-टोमॅटो परतायचा, त्यात अंडं फोडून ढवळायचा आणि पावावर पसरायचा. साहेबाच्या घोड्यावर खोगीर चढेपर्यंत न्याहारी तयार. आईनं बाळंतपणात मला तेच करून घातलं, पावाच्या जागी भाकरी घेऊन. अंगावर दूध चांगलं होतं. चैत्रात सासरी निघाले तेव्हा पाटीत एक कोंबडी घेतली आणि फडक्यात टोमॅटोचं बी बांधलं. ही पोर जाऊ द्यायची नाही, असं वाटेतच ठरवलं होतं.

न्हाणीच्या सांडपाण्यावर झाडं जोरात आली. पहिली फळं लाल झाली तशा सासूबाई लांबूनच म्हणाल्या, “चिरलं की रगत निगतंय त्यातनं. माज्या चुलीला लावू नगंस.” अंडं तर त्या चुलीला लागायचंच नाही, तिच्यावर देवाचा नैवेद्य होई. अंडं-मटण करायचं ते पडवीत, तीन दगड मांडून, वेगळ्या भांड्यात. म्हणजे मला चोरून करून खायचं म्हटलं तरी सोय नव्हती. पडवी घराच्या तोंडाशीच. गोठ्यातून येणारा, वाटेनं जाणारा, सगळ्यांना दिसणार.

आषाढात आवणी सुरू झाली आणि दूध कमी पडायला लागलं. मुलगी छातीशी ओढून ओढून दमायची आणि मग बारीक आवाजात रडायची. ते रडणं मी आधी ऐकलेलं होतं.

एके दिवशी उजाडताना मी पडवीत तीन दगड मांडले आणि त्यांवर फुटक्या माठाचं खापर ठेवलं. थोडं तेल, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. टोमॅटो हातानंच कुस्करला. पाणी आटून तेल सुटलं तसं अंडं फोडून ढवळलं. कालची नाचणीची भाकरी निखाऱ्यांना टेकवून उभी केली, ती कडक झाल्यावर सगळं तिच्यावर ओतलं. वास घरभर गेला.

पहिल्यांदा धाकटे दीर आले. त्यांना कुस्तीचा नाद. कोंबडीची अंडी आपलीच, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

“वैनी, माज्यासाठी शिजवताय व्हय? म्या कच्चीच पितो की.”

पाठोपाठ सासूबाई गोठ्यातून शेणाच्या हातांनी आल्या. “कुणासाठी गं ह्ये?”

पदर सारखा करायचा राहून गेला. “माज्यासाठी.”

“आन् बापय माणसं उपाशी?”

“त्यांचं त्यांच्या वक्ताला हुईल, आत्याबाई. माजं दूध आटतंय.”

“आमी काय दगडं वाढवली? आमाला न्हवती व्हय पोरं?”

त्यांचीही दोन गेली होती, ते माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, “मागलं पोर गेलं. ही न्हाई जाऊ द्यायची.”

सुनेनं खाताना भिंतीकडे तोंड करायचं, हीसुद्धा रीत. मी वळलेही होते. मग वाटलं, मी काय चोरी केली? तशीच फिरले, मुलीला मांडीवर घेतलं आणि अंगणाकडे तोंड करून खाल्लं. शेवटचा तुकडा खापरावर फिरवून, पुसून खाल्ला. मामंजी ओट्यावर तंबाखू मळत होते, त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. ह्यांनी बैल सोडले आणि शेताकडे गेले.

बातमी माझ्या आधी खाचरात पोचली होती. शेजारीण रोपं उपटता उपटता ओरडली, “आली बया सायबीण! काटा-चमचा कुटाय गं?”

“चिखलात पडलाय. हुडक की,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या. तीही हसली.

दुसऱ्या दिवशी खुराड्यात अंडं नव्हतं. दीर मिशा पुसत उभे.

“भावजी, कोंबडी माज्या आईची हाय. कुस्ती खेळायची तर माज्या आईसंगंच जाऊन खेळा.”

गोठ्यातून ह्यांचं हसणं ऐकू आलं. त्या दिवसापासून कोंबडीची पाटी माझ्या अंथरुणाशी आली आणि अंडं घातलं की आधी माझ्याच हाताला लागू लागलं. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. मी रोज खात होते. हळूहळू मुलगी दूध पिऊन तिथंच झोपायला लागली.

मग श्रावण लागला. घरात अंडं-मटण बंद. देवाशी माझं काही भांडण नव्हतं, मीही अंडं बंद केलं. सासूबाईंना वाटलं, आता ही पडवीतली चूल मोडली. त्यांनी तिन्ही दगड उचलून परसात नेऊन टाकले. सकाळी मी ते पुन्हा आणले. इतक्या दिवसांनी त्या पहिल्यांदा बोलल्या.

“आता श्रावण हाय.”

“ठावं हाय. अंडं न्हाई घालत. टंबाटं आन् भाकर.”

“मग येवढं कशापायी मांडतीस?”

“खायाला, आत्याबाई. बेणणीला जायचंय, तण माजलंय. पोरगी पितीया.”

रात्रीच्या पावसानं पडवीतली राख भिजून विस्तव विझला होता. मी चिमटा घेतला, आत गेले आणि त्यांच्याच चुलीतला एक मोठा निखारा उचलला. तोवर सासूबाई चुलीशी जाऊन बसल्या होत्या. हात आडवा घालतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त गुडघा बाजूला घेतला.