दोरीची ओली मूठ

रिमोटवर पळणाऱ्या त्या हातभर बग्गीतलं काहीच संयोगिताला घाण वाटत नसे. उग्र वासाचं नायट्रोचं इंधन, सायलेन्सरमधून टपकणारं काळपट तेल, चाकांच्या खाचांत बसलेलं शेण, हे सगळं ती जुना टूथब्रश घेऊन मागच्या मोरीत निवांत साफ करायची. तिला शिसारी यायची ती एकाच वस्तूची. इंजिन सुरू करायच्या दोरीला एक बोटभर काळी प्लास्टिकची मूठ होती. दर रविवारी सकाळी कळंब्याच्या माळावर ती मूठ दुसऱ्याच्या हातातून तिच्याकडे परत यायची, तेव्हा ती ओली असायची.

सम्राटच्या थुंकीनं.

सम्राटचं गेट-ग्रिल बनवायचं शेड होतं. माणूस दिलदार. माळावर बग्ग्या पळवायला येणाऱ्या पाच-सहा जणांसाठी वडापाव आणायचा तो, आणि कुणाचं चाक निखळलं की आपली गाडी सोडून पळायचा तोही. पण कुठलीही मूठ, दांडा, पाना हातात घ्यायच्या आधी त्याला तळहातांवर थुंकायची सवय होती. गालातला मावा जिभेनं एका बाजूला सारायचा, दोन्ही तळव्यांवर थू थू करायचं, "पकड येती" म्हणायचं, पोतं उचलायला निघाल्यासारखे हात एकमेकांवर चोळायचे आणि मग समोरच्याच्या हातातलं काढून घ्यायचं. थुंकी नुसती पांढरी असती तरी एक वेळ चाललं असतं. ती तपकिरी असायची. तिच्यात सुपारीचा एखादा कण असायचा.

"वैनी, सोडा. तुमच्या मनगटाचं काम न्हाय हे."

संयोगिताच्या मनगटाला काही झालं नव्हतं. बग्गी मुळात विश्वजितची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. त्यानं ती हौसेनं आणली, महिनाभर फिरवली आणि कपाटावर टाकून दिली. संयोगितानं धूळ पुसता पुसता खाली काढली, माहितीपत्रक वाचलं आणि हळूहळू सगळं शिकून घेतलं. प्लगवर पेनाएवढा हीटर लावायचा, आतली तार तापू द्यायची, मग दोरीला वीतभर झटके द्यायचे. लांब ओढायची नाही, शेवटापर्यंत तर नाहीच. थंड इंजिन दोन झटक्यांत कधी घेत नाही. चौथ्या-पाचव्याला खोकतं, आणखी एक-दोन दिले की घेतं. एवढाच धीर लागतो, आणि धीर तिच्याकडे भरपूर होता. माळावर मात्र तिच्या वाट्याला दोन झटक्यांच्या वर कधी आलेच नाहीत. तिसऱ्याच्या आत खांद्यावरून कुणाचा तरी हात यायचा. बहुतेक वेळा सम्राटचा.

त्या रविवारीही तसंच झालं. दोन झटके झाले, मागं थू ऐकू आलं आणि मूठ गेली. सम्राटनं बग्गीवर पाय ठेवला आणि विहिरीतून घागर शेंदावी तशी दोरी पार शेवटपर्यंत खेचली. आत काहीतरी कडकन वाजलं. दोरी सबंध बाहेर आली आणि शेपटीसारखी लोंबत राहिली.

"चायनाचा माल," सम्राट म्हणाला, आणि लोंबत्या दोरीसकट मूठ त्यानं तिच्या तळहातावर ठेवली.

कोमट होती ती. पदराला तर पुसता येईना. तिनं मूठ दोन बोटांत धरून वाळलेल्या गवतात घासली, आणि घासता घासता तिला कोडोलीचं गवत आठवलं.

तिचं माहेर कोडोलीचं. तिचे वडील आबा पाठीवरच्या इंजिनवाल्या पंपानं उसावर औषध फवारायचे. त्या पंपालाही अशीच दोरी होती. आबाही तळहातावर थुंकूनच ती ओढायचे, आणि पंप धुवायची पाळी संयोगितावर आली की आधी ती मूठ गवतात घासून घ्यायची. एकदा, अकरावीत असताना, तिनं पंप बांधावर ठेवून दोरी धरली होती. एक झटका झाला असेल नसेल, वरच्या बांधावरून चुलता ओरडत आला. "पोरीनं वढायची नसत्या. खांदा निखळंल." आणि थुंकून त्यानं पंप सुरू करून दिला. तिला पंप कुठं हवा होता, तिला सुरू करायचा होता. पुढं लग्न झालं, दारात स्कूटर आली. थंडीत बटणानं घेतली नाही की तिनं किकवर पाय ठेवायच्या आत सासरे चपला सरकवत यायचे, ते नसले तर समोरचा दूधवाला यायचा. कोल्हापुरात माणसं मदत विचारून करत नाहीत. बाई यंत्राशी वाकलेली दिसली की आपोआप हात पुढं येतात, आणि ते हात आपुलकीचे असतात, त्यामुळं झटकताही येत नाहीत. चाळिशी आली, तरी एकही इंजिन संयोगिताच्या हातानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरू झालेलं नव्हतं. ही बग्गी तिला त्यासाठी हवी होती. पळवायला तर काय, कुणालाही येते.

दोरी तुटल्यावर घरी चर्चा सुरू झाली.

"आता दोरी नकोच," विश्वजित म्हणाला. "गन घेऊ. ड्रिलसारखी असते. मागं दांडा घातला, बटण दाबलं, झालं. नाहीतर बॉक्स मिळतो. त्याच्यावर बग्गी ठेवून दाबायची, खालचं रबरी चाक फिरतं आणि इंजिन फिरवतं."

"दोरी बदलून मिळते की."

"अगं, परत तुटेल."

"मी ओढली तर नाही तुटणार."

"तू ओढतेस कुठं? सम्राटच ओढतो," विश्वजित हसून म्हणाला. त्यात त्याला काही गैर दिसलं नव्हतं. संयोगितानं हातातली भाकरी जरा जोरात थापली.

तरी तिनं विचार केला. गनला बटण असतं. बटण दाबायला ताकद लागत नाही, म्हणजे मदतीला यायचं कारणच उरत नाही, आणि थुंकायचं तर अजिबातच नाही. तिनं गनला होकार दिला. दोरीचा जुना भाग काढून इंजिनाच्या पाठीला गनचा दांडा बसेल असं झाकण लावायचं होतं. ते तिनं स्वतःच चार स्क्रू फिरवून लावलं.

पुढच्या रविवारी तिनं पिशवीतून गन काढली. सम्राटचे डोळे लकाकले.

"आयला, ड्रिल व्हय? आणा इकडं. आमचं रोजचं हत्यार हाय ते."

"मी करते."

"आवो, झटका मारतंय ते. बोट जाईल एखादं."

आणि एका बटणासाठी, एका बोटानं दाबायच्या बटणासाठी, तो दोन्ही तळव्यांवर थुंकला. सगळे बघत होते. कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. नवी कोरी गन तिच्याकडे परत आली तेव्हा पकडीच्या रबरी खाचांत तपकिरी ओल उतरली होती. घरी येऊन संयोगितानं डेटॉलमध्ये कापूस बुडवून दात कोरायच्या काडीनं एकेक खाच साफ केली. संध्याकाळी सुपारी घातलेलं पान समोर आलं, तर तिला ते बघवेना.

"तो मदतच करतोय की," विश्वजित म्हणाला.

"तुमच्या ताटातला घास त्यानं असा थुंकून कालवून दिला तर खाल?"

"काहीतरीच बोलतेस."

"काहीतरीच नाही. खाल का ते सांगा."

विश्वजितनं बॉक्स मागवला. बॉक्सला मूठच नसते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. संयोगितालाही ते पटलं. बग्गी स्वतःच्या दोन्ही हातांत धरायची आणि खाली दाबायची. मधे शिरायला जागाच नाही.

बॉक्स आला त्या दिवशी ती कोडोलीला आबांना बघायला गेली होती. परतीच्या वाटेत मोबाइल वाजला. विश्वजितनं व्हिडिओ पाठवला होता. दारातली फरशी, फरशीवर बॉक्स, बॉक्सवर तिची बग्गी, आणि दोन स्वच्छ, नखं कापलेले हात बग्गीला खाली दाबताहेत. चाक फिरल्याची घरघर, मग इंजिनाची ओळखीची किंचाळी. मागून त्याचाच आवाज: "बघ, पहिल्या दाबात."

ती घरी पोचली तेव्हा उंबऱ्यापाशी तेलाचे शिंतोडे होते आणि घरभर वास होता. हा वास तिला एरवी आवडायचा. त्या दिवशी नकोसा झाला.

"तुझ्यासाठीच सेट करून ठेवली," विश्वजित म्हणाला. "आता तुला काही करायचंच नाही. नुसती ठेवायची."

थुंकीचा एक थेंबही नव्हता कुठं. विश्वजितनं बग्गी हाताळून झाल्यावर साबणानं हात धुतले होते, बॉक्स पुसून ठेवला होता. तरीही गवतात मूठ घासताना आली होती तशीच शिसारी तिला आली, आणि या वेळी घासून काढावं असं समोर काही नव्हतं. इतके दिवस ती सम्राटच्या माव्याला दोष देत होती. नवऱ्याच्या तोंडात तर साधी बडीशेपसुद्धा नव्हती.

"मला विचारलं का नाही?"

"त्यात काय विचारायचं? चालू होते का बघितलं."

"तेच मला बघायचं होतं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. तो मागून काहीतरी समजावत राहिला. त्याला ते कळणार नव्हतं आणि त्या रात्री तिला समजावत बसायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात फोन लावून दोरीचा नवा भाग मागवला. आला तसा इंजिनाच्या पाठीला बसवला. गन आणि बॉक्स पोटमाळ्यावर गेले. विश्वजितनं बघितलं, पण या वेळी तो मधे पडला नाही. एवढी अक्कल त्याला होती.

रविवारी माळावर विश्वजित नेहमीसारखा बाकीच्यांत उभा होता. तिनं बग्गी जमिनीवर ठेवली, हीटर लावला आणि शेजारी गुडघ्यावर बसली.

"परत दोरी?" सम्राट वडापावचा पुडा खाली ठेवत म्हणाला. "वैनी, गन कुठाय?"

"घरी."

"मग सरका."

पहिला झटका झाला. दुसरा झाला. मागं माव्याचा घोळ एका गालातून दुसऱ्या गालात गेला, तो आवाज तिला पाठ होता. तळवे वर आले असणार, ओठ गोळा झाले असणार. तिसरा झटका तिच्या वाट्याला कधीच येत नसे.

संयोगितानं मूठ तोंडाशी आणली. तोंडाला कोरड पडली होती, गोळा करायला दोन क्षण लागले. मग ती मुठीवर थुंकली. नाजूक बिजूक काही नाही, चांगली भरपूर. वर आपल्या तळहातावरही थुंकली आणि मूठ घट्ट धरली.

सम्राटचा पुढं आलेला हात तिथंच राहिला.

"वैनी, हे काय ओ?"

"पकड येती म्हणता न्हवं तुम्ही?" ती म्हणाली. माहेरची बोली तिच्या तोंडी सहसा येत नसे. "घ्या की. वढा."

तिनं मूठ त्याच्यापुढं केली. तिच्यावरून थुंकीची एक तार खाली लोंबली.

"शी," सम्राट म्हणाला. तो खरोखर एक पाऊल मागं सरला, आणि कशालाही न लागलेला हात त्यानं पँटला पुसला. "बाईमाणसानं असलं काय करायचं. घाण वाटती."

"वाटती न्हवं? मला दर रविवारी वाटती."

बाकीच्यांपैकी कुणी हसलं नाही. कुणाचा हातही पुढं आला नाही.

तिनं तिसरा झटका दिला, चौथा दिला. तिची स्वतःचीच थुंकी बोटांच्या बेचक्यांत थंड होत चालली होती आणि तिला त्या हाताची इतकी किळस येत होती, की तो खांद्यापासून वेगळा काढून ठेवता आला असता तर तिनं ठेवला असता. पाचव्याला इंजिन खोकलं. सहाव्याला पुन्हा खोकलं आणि निळा धूर सोडून किंचाळत सुरू झालं.

विश्वजित पुढं आला. बग्गीला त्यानं हात लावला नाही. खिशातला रुमाल काढून लांबूनच तिच्यापुढं धरला. "पूस हात. कसंतरी होतंय बघून."

"मलाही होतंय," संयोगिता म्हणाली. तिनं रुमाल घेतला नाही. खाली वाकून इंजिन बंद केलं आणि ती ओली मूठ परत धरली. "पण थांबा जरा. अजून एकदा सुरू करायची आहे."