उखर्डूनाना रुसवा काढायला जातात

लग्न म्हटलं की रुसवा आला. हळद लागायच्या आधी कोणीतरी रुसणार, हे खानदेशात मांडव घालणाराही धरून चालतो. पत्रिकेत नाव भावाच्या खाली छापलं म्हणून कोणी रुसतो. मागच्या लग्नात टोपीऐवजी हातरुमाल दिला, ते आठवून कोणी या लग्नात रुसतो. वरण-बट्टीच्या पंगतीत तूप वाढणारा आपल्यापाशी आल्यावर हात आखडता घेतो, एवढ्यावर चाळीसगाव तालुक्यातली दोन घरं पिढीभर बोलत नव्हती. आणि रुसलेला माणूस आल्याशिवाय अक्षता टाकता येत नाहीत. म्हणजे येतात, पण पुढे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं.

अशा वेळी लोक उखर्डूनानांना बोलवत.

नाना धुळ्याच्या बाजारात मापाडी होते. गाव धुळे-चाळीसगाव रेल्वेच्या काठावर, धुळ्यापासून जवळच. रोज सकाळी सायकलवर बाजारात जायचं, दिवसभर दुसऱ्यांचं धान्य मोजायचं आणि संध्याकाळी परत यायचं. दिसायला साधेच, अंगानं किडकिडीत, आवाज बसल्यासारखा. भाषण करायला उभं केलं असतं तर लोक घरी गेले असते. पण रुसलेल्या माणसाच्या ओट्यावर त्यांना नेऊन बसवलं की काम झालंच म्हणून समजा.

त्यांची पद्धत बघायची तर वनाच्या घरची गोष्ट सांगायला हवी. पुतण्याच्या लग्नात वना रुसला होता. तीन माणसं जाऊन आली. एकानं हात जोडले, एकानं शपथ घातली, एक भांडून आला. चौथे नाना गेले. वना ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. नानांनी रामराम केला, समोर बसले आणि शेंगा फोडायला लागले. लग्नाचं नावही काढलं नाही. थोड्या वेळानं पाणी मागितलं. पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "हाई पानी त्या चिंचखालनी इहीरनं ना?" वनाची म्हातारी आई दारात डोकावली तेव्हा तिला तिच्या माहेरच्या गावाच्या नावानं हाक मारली. पन्नास वर्षांत त्या नावानं तिला कोणी बोलवलं नव्हतं. म्हातारी आत जाऊन गूळ घेऊन आली. मग वनानं आपणच तक्रार सुरू केली. ती दीड टोपली शेंगा चालली. नानांनी मध्ये तोंड उघडलं नाही, नजर हलवली नाही, "पण" हा शब्द उच्चारला नाही. वना थांबला तेव्हा फक्त म्हणाले, "बरोबर शे तुमनं." आणि उठताना चपला पायात घालत विचारलं, "मंग गाडी कितला वाजता धाडू?"

"धा वाजता धाड," वना म्हणाला. आपण कधी हो म्हणालो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

असा नानांचा लौकिक. वैशाखात तर त्यांना बाजारात जायला सवड मिळत नसे. जीप यायच्या, बैलगाड्या यायच्या, एकदा एक माणूस मोटरसायकल घेऊन आला आणि परत जाताना पेट्रोल संपलं म्हणून ती ढकलत नेली. नाना कोणाला नाही म्हणत नसत. जगात एवढे लोक रुसून बसलेले आहेत आणि आपण घरी बसायचं, हे त्यांना पटत नसे.

याच स्वभावानं घोटाळा केला. नानांचे मेहुणे झुलालआबा, म्हणजे बायको द्रौपदाबाईंचे थोरले भाऊ, याच रेल्वेवर चाळीसगावच्या अंगाला राहत. त्यांच्या मुलाच्या लग्नाला नाना बायकोला घेऊन गेले. मांडवात बसतात न बसतात तोच शेजारच्या गावाहून जीप आली. तिथल्या लग्नात नवरदेवाचा फुवा, म्हणजे आत्याचा नवरा, रुसून केळीच्या बागेत जाऊन बसला होता. नाना म्हणाले, "तासभरमा येस," आणि जीपमध्ये बसले. फुवा कठीण निघाला. नाना परतले तेव्हा इकडे अक्षता पडल्या होत्या, पंगती उठल्या होत्या आणि जावयाच्या मानाची टोपी-उपरण्याची थाळी तशीच झाकून ठेवली होती. झुलालआबा काही बोलले नाहीत. त्यांनी थाळी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

आता यात नानांची जी चूक झाली ती त्यांच्यासारख्या जाणकाराचीच होऊ शकते. त्यांचा अनुभव असा की रुसलेला माणूस आवाज करतो. हा माणूस गप्प आहे, म्हणजे रुसलेला नाही. त्यांनी विषय मिटवून टाकला.

पुढची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वैशाखातल्या या सणाला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात; पण भाऊ किंवा त्याचा माणूस न्यायला यावा लागतो, आपल्या पायानं कोणी जात नाही. द्रौपदाबाईंना न्यायला कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. द्रौपदाबाईंनी खापरावरच्या पुरणपोळ्या घरीच केल्या, नानांनी खाल्ल्या आणि चांगल्या झाल्या म्हणून सांगितलं. अशी बरीच वर्षं गेली. कोणी फारच टोकलं तर नाना म्हणत, डॉक्टर आपल्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन करत नाही. हे वाक्य त्यांना आवडत असे.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या मुलीचं, बेबाचं, लग्न ठरलं. आखाजीनंतर आठवड्याभरातली तिथी निघाली. मांडवात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहावा लागतो. भाऊबंद बसले होते, तेव्हा कोणीतरी सुचवलं की द्रौपदाबाईंच्या चुलतभावाला उभं करू, काय बिघडतं? द्रौपदाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कपबशा खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "मना भाऊ जित्ता शे." मग आत गेल्या.

नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. पण घरात लग्नाची तयारी चालली आहे आणि नवरीची आई कामाशिवाय तोंड उघडत नाही, हे नानांच्याही लक्षात आलं. चैत्रातल्या एका सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि पॅसेंजरमध्ये बसले.

झुलालआबा लिंबाच्या झाडाखाली दोर वळत होते. नानांनी रामराम केला, समोर बसले आणि दोराचं दुसरं टोक हातात घेतलं. आबांनी आपल्या हातातलं टोक सोडून दिलं.

"आते तुम्ही पानी मांगशात," आबा म्हणाले. आबांची बायको भागाबाई तांब्या घेऊन आधीच दारात उभी होती. नानांनी तांब्या तोंडाला लावला.

"इहीर तीच शे," आबा म्हणाले. "मंग मनी तब्येत इचारशात. ती बरी शे. म्हैस बी बरी शे. मंग मी बोलसू आनि तुम्ही म्हनशात, बरोबर शे तुमनं. आनि जाताना इचारशात, गाडी कव्हय धाडू. धाडू नका."

नाना चाट पडले. "तुमले कसं माहीत, आबा?"

"आमना गावना दोन जनसले तुम्हीच लई ग्यात ना. मी आठे बशीसन दखं. आमना दारवरथून ग्यात तुम्ही. मना दार नही उनात."

नानांच्या हातातला दोर उलगडत गेला. इतक्या वर्षांत त्यांना असा माणूस भेटला नव्हता, ज्याला पुढचं सगळं पाठ आहे. काही बोलावं तर ते आबांनी आधीच बोलून टाकलेलं. भागाबाई तांब्या घेऊन आत गेली. कोंबड्या पायाशी येऊन गेल्या.

बऱ्याच वेळानं आबांनी विचारलं, "द्रौपदा कशी शे?"

"बरी शे."

"बरी म्हंजे कशी?"

नानांनी तोंड उघडलं. वनाच्या आईला कोणतं पथ्य आहे ते त्यांना माहीत होतं. फुव्याच्या केळीवर कोणता रोग पडला होता तेही ते सांगू शकले असते. बायको कशी आहे, हे सांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ती भाकरी करते, पाणी भरते, सध्या गहू निवडते. एवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांना एकदम लाज वाटली, आणि ती लपवायची कशी तेही सुचेना.

"आबा, माले माहीत नही," ते म्हणाले. "मी तिले कव्हय इचारंच नही."

झुलालआबांनी त्यांच्या हातातला दोर काढून घेतला. मग ते उठले, आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले.

"चाला," ते म्हणाले. "मीच इचारस."

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसले आणि दोन्हीकडच्या खिडक्यांतून बाहेर बघत राहिले. नानांना हलकं वाटत होतं. काम झालं होतं. आता बहीणभाऊ गळ्यात पडतील, थोडी रडारड होईल, मग चहा होईल, असा त्यांचा अंदाज होता.

द्रौपदाबाई ओट्यावर लग्नाचे गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर करून भावाला पाहिलं. पदर नीट केला, उठल्या, पाण्याचे दोन पेले आणून खाली ठेवले, गव्हाचं सूप उचललं आणि आत जाऊन बसल्या.

आबा पेल्यांना वळसा घालून दाराशी गेले.

"आवं द्रौपदा, मी उनू ना," आबा दारातून म्हणाले.

"दखं मी."

"मंग बोलस का बरं नही?"

आतून गहू पाखडल्याचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. "पोरनं लगीन अडनं म्हनीसन उनात," द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "इतला वरीस तुम्ही दोन्ही जन रुसनात. एकना मान गया, एकले टाइम नव्हता. माले कोनी इचारं का, बाई, तू रुसनी का म्हनीसन?"

आबा मागे सरले. नानांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "आते काढा रुसवा. तुमनं काम शे ते."

नाना आत गेले. बायकोसमोर बसले आणि सवयीनं सुपातल्या गव्हाला हात घातला. द्रौपदाबाईंनी सूप आपल्याकडे ओढून घेतलं. पाणी मागावं तर पेले बाहेर. चुलीतलं लाकूड विझत आलं होतं, ते पुढे सारावं असं त्यांच्या मनात आलं आणि तेही जमलं नाही. शेवटी त्यांनी असं काही विचारलं, जे आजवर कोणाच्याही ओट्यावर विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल याचा त्यांना खरोखरच पत्ता नव्हता.

"आखाजीना दिन तू काय करे?"

द्रौपदाबाईंनी हातातला खडा बाजूला टाकला. मग आणखी एक टाकला.

"सकायमा उठू," त्या म्हणाल्या. "डोकं धोऊ. चांगलं लुगडं पिशवीमा भरू. पॅसिंजर वाजनी का हंडा लिसन गल्लीना तोंडलोंग जाऊ. कोन उतरनं ते दखू. बठ्ठ्यासना भाऊ उतरेत, मना नही. मंग घर येऊ, लुगडं परत पेटीमा ठेवू, आनि पुरन शिजाले टाकू."

"दरसाल?"

"दरसाल. मंग जेवाले उशीर व्हये." त्यांनी पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हनेत, आज उशीर व्हयना."

नानांना आठवलं. ते तसं म्हणत असत. रागानं नव्हे, सहज म्हणत असत, आणि मग जेवून दुसऱ्याच्या गावाला निघून जात असत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. दाराशी झुलालआबा टोपी काढून उंबऱ्यावर बसले होते. तेही रडत होते, फक्त तोंड बाहेरच्या बाजूला करून. द्रौपदाबाईंनी एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं. मग सूप नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि चुलीत लाकूड सारलं.

"भाऊ सकायना भुक्या व्हई," त्या म्हणाल्या.

आखाजीला झुलालआबा स्वतः न्यायला आले. लग्न आठवड्यावर, घरात पाहुणे यायला लागलेले, पापडाचं पीठ भिजवलेलं, आणि नवरीची आई पिशवी घेऊन भावासोबत गाडीत बसून माहेरी निघून गेली. गावात याची बरीच चर्चा झाली. असं कुठं असतं का, म्हणून दोन-तीन नातेवाईक रुसलेही. त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. उखर्डूनाना पापड लाटत होते.