अण्णांची जागा

करोनाच्या साली तेलाचे भाव कोसळले आणि समुद्रातल्या रिग एकामागून एक बंद पडल्या. मी ड्रिलिंग इंजिनियर, अर्धं आयुष्य आखातात तेलाच्या विहिरी खोदण्यात गेलेलं. कंपनीनं आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं, एका बाईंनी समोरचा मजकूर वाचून दाखवला, आणि मी हैदराबादला नल्लकुंट्याच्या घरी कायमचा परत आलो. घर वडिलांनी सरकारी नोकरीत असताना बांधलेलं. बायको मूळची पुण्याची, आयटीत. तिचं काम घरूनच चालायचं. सकाळी ती आतल्या खोलीचं दार लावून घेई आणि मी बाहेर कुकरवर लक्ष ठेवत बसे.

गल्लीतले लोक भले होते, पण विचारायचे सगळे एकच. पेट्रोल तर रोज महाग होतंय, मग तेलवाल्यांच्या नोकऱ्या कशा जातात? सुरुवातीला मी त्यांना कच्च्या तेलाचा भाव आणि पंपावरचा भाव यातला फरक समजावून सांगायचो. नंतर नुसतं हसून जिना चढायला लागलो.

अण्णाही त्याच सुमाराला घरी आले. ते तेलुगू, नारायणगुड्याचे, माझ्याहून बरेच मोठे. माझ्या पहिल्या रिगवर तेच माझे साहेब होते. विहिरीत सोडलेला चिखल वर येताना त्याला फेस आला तर खाली गॅस आहे हे ओळखायला आणि न घाबरता विहीर बंद करायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या बायकोला मी वदिना म्हणायचो, म्हणजे तेलुगूतली वहिनी. त्या जामबागच्या एका शाळेत शिकवायच्या. आमचं आपसातलं बोलणं दखनीत, म्हणजे हैदराबादी हिंदीत, अधूनमधून इंग्रजी, आणि अण्णा चिडले की तेलुगू.

नारायणगुड्यात अण्णांच्या मेव्हण्याचा कोचिंग क्लास होता, तो लॉकडाऊनमध्ये बंद पडलेला. त्याची किल्ली अण्णांनी मागून घेतली आणि आम्ही दोघं रोज डबे घेऊन तिथं जाऊ लागलो. फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणं तशीच होती, ती पुसावीशी आम्हाला कधी वाटली नाही. पोरांच्या बाकांवर गुडघे अडकायचे. तिथं लॅपटॉप उघडून आम्ही अर्ज करायचो. मलेशिया, कुवेत, नायजेरिया, जिथं म्हणून जमिनीला भोक पाडतात तिथं. उत्तरं फारशी यायचीच नाहीत. आली तर एखादी बंगळूरची पोरगी फोनवर अदबीनं सांगायची, सर, तुमचा अनुभव फार जास्त आहे. मग आम्ही सीव्हीतून अनुभव कमी करायला बसलो. अण्णांनी आपली सुरुवातीची दहा-बारा वर्षं खोडली, वाचून पाहिलं, आणि पुन्हा सगळी टाइप केली. म्हणाले, यात ती पहिली विहीरच नाही, मग हा माणूस मी कसा?

मध्ये एका इन्स्टिट्यूटनं आम्हाला शिकवायला बोलावलं. ऑइल अँड गॅसचा सहा महिन्यांचा कोर्स, नोकरीची हमी. मला जावंसं वाटत होतं. घरात माणूस किती दिवस बसून राहील. अण्णांनी मात्र तिथल्या तिथं नकार दिला. जिथं आपल्यालाच काम नाही, तिथं पोरांना कुठल्या तोंडानं काम आहे म्हणून सांगायचं, एवढंच म्हणाले. मग मीही गेलो नाही.

दोन वर्षं अशी गेली. बायकोच्या तोंडून कधी वाकडा शब्द आला नाही, पण तिच्या ऑफिसमधल्या कुणाच्या बढतीची बातमी ती मला सांगेनाशी झाली.

मग तेल पुन्हा वर चढलं आणि अण्णांना फोन आला. आखातातली रिग, ड्रिलिंग सुपरवायझरची जागा, चार आठवडे तिकडं, चार आठवडे घरी. फोनवरचा मॅनेजर त्यांना ओळखत होता. इंटरव्ह्यू म्हणजे नुसत्या जुन्या गप्पा झाल्या. राहिली होती ती मेडिकल. अण्णांनी केस काळे केले, नवे बूट घेतले, आणि वदिनांनी आम्हा दोघांना जेवायला बोलावून सेमियाचा पायसम, म्हणजे शेवयांची खीर, केला. माझ्या बायकोनं त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. मलाही आनंद झाला होता. पण जेवून घरी आल्यावर मी पुन्हा लॅपटॉप उघडून अर्ज करत बसलो.

मेडिकलला मीच अण्णांना घेऊन गेलो. ट्रेडमिलवर चालवून छातीची तपासणी होती. मी बाहेर बसलो होतो. फार लवकर दार उघडलं आणि नर्स खुर्ची मागायला बाहेर आली. आत अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, छातीला वायरी तशाच. डॉक्टरांनी मशीन मध्येच थांबवलं होतं. त्यांनी नीट समजावून सांगितलं की रक्तवाहिन्यांत अडथळा दिसतोय, अँजिओग्राफी लगेच करून घ्या, रिगवर जाण्याचा विचारही करू नका.

परत येताना अण्णांनी मला शहाळेवाल्यापाशी गाडी थांबवायला लावली. शहाळं हातात घेतलं, पण प्यायले नाहीत.

"घर में नक्को बोल," ते म्हणाले. "कंपनीनं जागाच रद्द केली, असं मी सांगतो."

मी म्हटलं, "आणि अँजिओग्राफी?"

"बघू."

त्यानंतर पुढच्याच आठवड्यात मला फोन आला. तोच मॅनेजर, तीच रिग. अण्णांनी स्वतः फोन करून माझं नाव दिलं होतं. मी दुसऱ्या दिवशी मेडिकल केली आणि पास झालो. कागद हातात घेऊन उभा होतो आणि मला धड हसता येईना, धड रडता येईना. घरी बायकोनं माझा चेहरा पाहून आधी वाईटच बातमी असं धरलं. मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "त्यांच्या बायकोला कळायला हवं. नोकरीचं मग बघ."

मी क्लासवर गेलो. अण्णा बाकावर बसून कुठली तरी जुनी पीडीएफ वाचत होते. मी सांगितलं की तुम्ही वदिनांना खरं सांगितल्याशिवाय मी होकार कळवणार नाही. ते भडकून उठले. तेलुगूत काय काय बोलले, सगळं मला कळलं नाही. ही जागा गेली तर दोघांचीही जाईल, असं म्हणाले. शेवटी ते बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तिनं मला कधी घरी आजारी पडलेला पाहिलेला नाही. मी घरी यायचो तो पाहुण्यासारखा. कपडे इस्त्रीचे, खिशात चॉकलेट. आता काय सांगू, की हा माणूस मोडलाय?"

"तेच सांगा," मी म्हटलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी वदिना रिक्षानं एकट्या आमच्या घरी आल्या. शाळेतून थेट आल्या होत्या, बोटांना खडूची पांढरी पूड तशीच. बायकोनं पाणी दिलं. त्या म्हणाल्या, काल त्यांनी सांगितलं. शुक्रवारी ॲडमिट करतोय. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ते तुमच्यावर रागावलेत. राहतील काही दिवस. पण तुम्ही जा. ते सारखं तेच म्हणतायत, तो गेला का, तो गेला का."

अण्णांची बायपास झाली त्याच आठवड्यात मी निघालो. निघण्यापूर्वी हॉस्पिटलात गेलो तेव्हा ते आयसीयूत होते. काचेतून पाहिलं. केसांचा काळा रंग उतरून मुळाशी पांढरं दिसत होतं.

रिगवर सगळं ओळखीचं होतं. पहाटेचं समुद्रावरचं धुकं, डिझेलचा वास, पाय ठेवताच तळव्यांना जाणवणारी थरथर. मला वाटलं होतं, अण्णांना रोज फोन करावा, विहीर कुठवर आली ते सांगावं. पहिल्या फोनवर तसं बोलायला लागलोही. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुझं कसं चाललंय ते सांग. तिथलं काही सांगू नकोस." त्यानंतर आम्ही पथ्यपाण्याबद्दल बोलायचो, त्यांच्या फिरण्याबद्दल बोलायचो. मग तेही कमी झालं. सुट्टीवर आल्यावर मी त्यांच्या घरी जायचो, वदिना चहा द्यायच्या, आणि अण्णा टीव्हीचा आवाज जरासा वाढवायचे. मी नोकरीचं बोलायचोच नाही. मग आम्हा दोघांकडं बोलायला काय उरलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं. फारसं काही नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांनी कोमपल्लीकडच्या एका मोठ्या सोसायटीत मॅनेजरचं काम धरलं. लिफ्ट, जनरेटर, पाण्याचे टँकर. उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा तिथल्या बोअरवेल आटल्या होत्या आणि मागच्या बाजूला नवी बोअर मारणं चाललं होतं. कान बधिर करणारा आवाज, पांढरी धूळ. अण्णा तोंडाला रुमाल बांधून मशीनपासून लांब उभे होते. धुळीच्या जागी ओला चुरा यायला लागला तसे ते पुढं गेले, वाकले, मूठभर चुरा उचलून बोटांनी चोळला आणि बराच वेळ बघत राहिले. मग हात पँटला पुसला.

"ग्रॅनाइट," मला म्हणाले. "इथं दुसरं काय असणार."

आम्ही सावलीत येऊन बसलो. त्यांनी वॉचमनला चहा आणायला सांगितलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून विचारलं, "परत कधी निघतोस?"

मॅनेजरचा ईमेल आदल्याच दिवशी आला होता. रिगचं कंत्राट संपलं होतं, पुढचं काम मिळालेलं नव्हतं, आणि आम्हाला घरीच थांबायला सांगितलं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मला ते सांगवेना.

"बघू," मी म्हटलं. "तारीख यायची आहे."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मशीनकडं बघत बसले.